मागच्या अंगणात पेव्हर बसवायचेत, कंत्राटदार कसा निवडावा आणि काम टिकाऊ कसं करून घ्यावं?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

घराच्या मागच्या बाजूला भिंतीला लागून ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे, तिथे पेव्हर ब्लॉकची पक्की फरसबंदी करून घ्यायची आहे. वापर म्हणजे खुर्च्या-टेबल, कुंड्या, मुलांचं खेळणं, संध्याकाळी बसणं, गाडी वगैरे अजिबात येणार नाही. माती चिकण आहे, पावसात पाय रुततो आणि उन्हात भेगा पडतात. गच्चीच्या पाण्याचा एक पाईपही नेमका तिथेच उतरतो.

तीन कंत्राटदार येऊन बघून गेले. पहिला म्हणतो चार इंच खणू, वाळू पसरू, ब्लॉक लावू, दोन दिवसांत काम संपलं. दुसरा म्हणतो नऊ-दहा इंच खणावं लागेल, खडीचे थर देऊन मशीनने दाबावे लागतील, घाई चालणार नाही. तिसरा म्हणतो खाली काँक्रीटच टाका आणि वर ब्लॉक सिमेंटमध्ये बसवा म्हणजे आयुष्यभर बघायला नको. पहिल्याचा दर सगळ्यात कमी, दुसरा-तिसरा जवळपास सारखेच. तिघंही ठासून सांगतात की आपलंच बरोबर. खर्च एकदाच करायचाय पण काम टिकलं पाहिजे. कुणाला काम द्यावं आणि कागदावर काय काय लिहून घ्यावं? ज्यांनी करून घेतलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

साधी_माती

पहिल्याला नाही सांगून टाका. साधा हिशोब करा, ब्लॉक ६० मिमी जाडीचा, त्याखाली वाळू २५ मिमी, झाले ८५. चार इंच म्हणजे १०० मिमी. मग खडीच्या थराला उरले किती तर १५ मिमी. म्हणजे तो माणूस तुमच्या चिकणमातीवर थेट वाळू टाकून ब्लॉक ठेवणार आहे, आणि ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, दरवेळी वरचे ब्लॉक थोडे थोडे हलणार. दिसायला पहिल्या दिवशी तिघांचंही काम सारखंच दिसेल हीच यातली अडचण आहे, फरक कळतो तो दोन पावसाळे गेल्यावर.

ओळंबा

निशिगंध, मी याच कामात आहे, बरीच वर्षं साइटवर उभं राहून हे काम करून घेतो, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

पेव्हरचं काम म्हणजे ब्लॉक बसवणं असं लोकांना वाटतं पण ब्लॉक हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. वजन घेते ती खालची खडी. ब्लॉक ते वजन खडीच्या थरावर पसरवतो, खडीचा थर ते आणखी रुंद पसरवून मातीवर देतो, त्यामुळे मातीवर प्रत्यक्ष दाब कमी येतो. हा थर पातळ असला किंवा नीट दबलेला नसला तर वर कितीही महागाचा ब्लॉक लावा, तो बसणारच.

नुसत्या चालण्या-बसण्याच्या जागेला दबाई झाल्यावर मोजलेली १०० ते १५० मिमी खडी लागते. तुमची माती चिकण आहे म्हणून १५० धरा, आणि जिथे थंडीत जमीन गोठते तिथे याहून जास्त लागते. म्हणजे खोदाई १५० अधिक २५ अधिक ६०, एकूण २३५ मिमी, तुमचा दुसरा कंत्राटदार सांगतोय ते नऊ-दहा इंच अगदी बरोबर आहेत, तो उगाच वाढवून सांगत नाहीये.

आता खडी कुठली हेही महत्त्वाचं. नदीतला गोल गुळगुळीत गोटा नको, क्रशरची कोनाकोनाची खडी पाहिजे, आणि एकाच मापाची नको, साधारण २० मिमीपासून खाली बारीक कचापर्यंत मिसळलेली हवी, म्हणजे मोठ्या खड्याच्या फटीत लहान खडा बसतो आणि दाबल्यावर सगळं एकमेकांत अडकतं. गोल गोटे कितीही दाबा, ते पायाखाली सरकत राहतात.

दबाई थराथराने. एका वेळी ७५ ते १०० मिमी पसरायची, हलकं पाणी मारायचं, प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट लोखंडी तळाचं, थरथरत दाबणारं मशीन) फिरवायचा, मग पुढचा थर. सगळी खडी एकदम ओतून वरून मशीन फिरवलं तर वरचे तीन-चार इंच घट्ट होतात आणि खालची तशीच सैल राहते, ती नंतर वर्षभरात आपली आपण बसते आणि ब्लॉकही बसतात. साइटवर उभे असाल तर आवाजावर लक्ष ठेवा. सैल खडीवर मशीनचा आवाज दबका येतो आणि ते जड चालतं, थर घट्ट झाला की आवाज टणक होतो आणि मशीन उड्या मारायला लागतं. तिथे टाच आपटून बघा, खूण उमटता कामा नये.

आणि खडी टाकायच्या आधी खालची मातीसुद्धा दाबून घ्यायची, हे बरेच जण गाळतात. मातीत ओल किती हवी ते हाताने कळतं, मूठभर माती घट्ट आवळा, गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की दोन-चार तुकडे झाले पाहिजेत. भुगा झाला तर कोरडी आहे, पाणी मारा. हाताला चिकटून चकाकायला लागली तर फार ओली आहे, त्या दिवशी दबाई करू देऊ नका, ओली चिकणमाती मशीनखाली नुसती हलते, दबत नाही.

चाफा

ओळंबा यांना पूर्ण अनुमोदन, आणि एक गोष्ट जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती ती इथे सांगते. आमच्या मागच्या अंगणातली फरसबंदी बाकी सगळी ठीक राहिली पण घराच्या भिंतीलगतचा दोन-तीन फुटांचा पट्टाच खचला. म्हणजे ढाळ उलटा झाला, पाणी घराकडे यायला लागलं आणि आतल्या भिंतीला ओल आली. कंत्राटदार म्हणायचा ब्लॉकच खराब निघाले. नंतर दुसऱ्या माणसाने तेवढा पट्टा उकरून दाखवला तर खाली पायाच्या वेळचा भराव होता. घर बांधताना पायासाठी रुंद खड्डा घेतात, भिंत वर आली की उरलेली माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या सगळं त्यात लोटून देतात, दाबत कुणीच नाही. तो भराव वर्षानुवर्षं बसत राहतो.

तर निशिगंध, तुमची जागा भिंतीला लागूनच आहे, तिथे काय करणार हे तिघांनाही विचारा. आमच्याकडे दुसऱ्याने तो पट्टा खोलवर उकरला, कचरा काढला आणि खडी थराथराने दाबत वर आणली, तेव्हापासून काही हललेलं नाही.

ओळंबा

चाफा, फार महत्त्वाचं लिहिलंत. भिंतीजवळ मशीन नीट पोचत नाही हेही एक कारण असतं. तिथे हाताच्या धुम्मसाने ठोकून घ्यावं लागतं, आणि थर आणखी पातळ घ्यायचे, दोन-अडीच इंचांचे. हे कंटाळवाणं काम आहे म्हणून टाळलं जातं.

पाणकळा

पाण्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून मी लिहितो कारण माझ्या मते अर्धं काम तेच आहे.

ढाळ घरापासून बाहेरच्या दिशेला, मीटरमागे १० ते २० मिमी. तुमची रुंदी ४ मीटर आहे, म्हणजे भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत किमान ४० आणि शक्यतो ६० ते ८० मिमीचा उतार आला पाहिजे. डोळ्याला तो जाणवत नाही, टेबल डुगडुगत नाही, पण पाणी निघून जातं. आणि हा ढाळ खोदाईपासूनच काढायचा असतो. खाली सगळं सपाट ठेवून वरच्या वाळूत ढाळ काढणारे लोक मी पाहिलेत, मग वाळू एका टोकाला एक इंच आणि दुसऱ्या टोकाला चार इंच होते, आणि जाड वाळू असते तिथेच ब्लॉक बसतात.

दुसरं, तयार फरसबंदीची पातळी घराच्या ओल-प्रतिबंधक थरापेक्षा, म्हणजे जोत्यावरच्या डीपीसीपेक्षा निदान १५० मिमी खाली असावी. नाहीतर पावसाचे थेंब फरशीवर आपटून भिंतीवर उडतात आणि ओल वर चढते. मागच्या दाराचा उंबरठा खालच्या पातळीला असेल तर हे आधीच मोजा, खड्डा खणून झाल्यावर मोजू नका.

तिसरं, तो गच्चीचा पाईप. त्याचं पाणी फरसबंदीवर अजिबात सोडू नका. एका जागी धार पडली की आधी सांध्यातली वाळू वाहून जाते, मग खालची, आणि तिथे पोकळी होते. खोदाई झालेलीच असेल तेव्हा त्या पाईपला जोडून जमिनीखालून एक पाईप बाहेरच्या बाजूला काढून घ्या. आत्ता केलं तर थोडक्यात होतं, नंतर करायचं म्हणजे सगळं उकलावं लागतं.

निशिगंध

बापरे, किती काय काय असतं यात! सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीलगतच्या भरावाबद्दल तर तिघांपैकी कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं. पाईपबद्दल फक्त दुसऱ्याने विचारलं होतं की हे पाणी कुठे जातं, तेव्हा मला कळलं नाही तो का विचारतोय.

तिसऱ्याचं काय? खाली काँक्रीट टाकलं तर मग हा सगळा खडीचा खटाटोप वाचत नाही का? घरातल्यांचा कल त्याच्याकडे आहे कारण काँक्रीट म्हटलं की पक्कं वाटतं.

गुण्या

मी काँक्रीटच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे जुना काँक्रीटचा कोबा होता, तडा नव्हता, ढाळ चांगला होता, त्यावरच पेव्हर बसवलेत आणि छान राहिलेत. त्यामुळे सरसकट वाईट म्हणू नये.

ओळंबा

गुण्या, तुमचं उदाहरण बरोबर आहे, आधीच बसलेला, तडा नसलेला, ढाळ असलेला कोबा असेल तर त्यावर करता येतं. पण निशिगंध यांच्याकडे कोबा नाही, नवीन टाकावा लागणार आणि तो याच चिकणमातीवर. मग त्याखालीही दाबलेली खडी लागतेच, नाहीतर काँक्रीटला तडा जातो. म्हणजे खटाटोप वाचत नाही, वाढतो.

त्यात आणखी सिमेंटमध्ये ब्लॉक बसवले तर पेव्हरचा सगळ्यात मोठा गुणच गेला. पेव्हर सुटे असतात, सांध्यात वाळू असते, त्यामुळे जमीन थोडी हलली तर ते तिच्याबरोबर थोडे हलतात, फुटत नाहीत. कुठे खचलं तर तेवढेच ब्लॉक उचलायचे, खाली भर घालून दाबायची आणि तेच ब्लॉक परत लावायचे. पाण्याची लाइन दुरुस्त करायची झाली तरी तसंच. सिमेंटमध्ये बसवलेले काढताना निम्मे तुटतात. हॉलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यांना लागणाऱ्या विटा मिळेनात तेव्हा काँक्रीटचे ब्लॉक आले, आणि तेही विटांसारखे वाळूवर सुटेच बसवले गेले, कारण खालची जमीन मऊ आणि रस्ते पुन्हा पुन्हा उकलावे लागायचे. तेच तत्त्व आजही आहे.

काँक्रीटवर करायचंच झालं तर एक अट. वाळूत मुरलेलं पाणी खालून निघायला वाट पाहिजे, म्हणून कोब्यात सखल बाजूला भोकं पाडून त्यात बारीक खडी भरतात आणि वर कापड टाकतात. नाहीतर पाणी वाळूत साचून राहतं.

गुण्या

हो, भोकं आमच्याकडेही पाडली होती. नवीन कोबा टाकून करायचं असेल तर मीही नको म्हणेन.

साधी_माती

कापडावरून आठवलं. चिकणमाती आहे तर माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, टाकायला सांगा. नाहीतर काय होतं, पावसाळ्यात माती लिबलिबीत झाली की खडी हळूहळू तिच्यात घुसते आणि माती खडीच्या फटीत वर येते, दीडशेची खडी काही वर्षांनी शंभरचीच उरते. साधं प्लॅस्टिक चालणार नाही, त्यातून पाणी जात नाही. कापडाचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे एक फूटभर एकमेकांवर आले पाहिजेत आणि कडेला खड्ड्याच्या भिंतीवर वर वळवून घ्यायचं.

मधुमालती

मला एक शंका आहे. आमच्या भागातले मिस्त्री ब्लॉकखाली वाळूऐवजी क्रशरची डस्ट टाकतात, म्हणतात ती सिमेंटसारखी घट्ट बसते. वाळूच हवी का?

ओळंबा

वाळूच हवी, आणि तीही काँक्रीटला वापरतात ती जाडसर, धुतलेली, खरखरीत. गिलाव्याची बारीक वाळू नको. डस्टमध्ये पिठासारखा बारीक अंश खूप असतो, तो पाणी धरून ठेवतो, निचरा होत नाही, आणि ओला झाला की ब्लॉकखाली चिखलासारखा सरकतो. सुरुवातीला घट्ट वाटते हे खरं, म्हणून लोकांना फसायला होतं. क्रश सँड धुतलेली आणि चाळलेली असेल तर ती चालते, डस्ट वेगळी.

जाडी २५ मिमी, सगळीकडे सारखी. एक इंची दोन पाईप खडीच्या थरावर ठेवायचे, मध्ये वाळू ओतायची आणि पाईपवरून सरळ पट्टी ओढायची. पाईप काढले की उरलेली खाच वाळूने भरून घ्यायची. ब्लॉक लावायच्या आधी ही वाळू दाबायची नाही आणि तिच्यावर पायही द्यायचा नाही. कामगार तयार वाळूवरून चालत चालत ब्लॉक लावत असेल तर तिथेच थांबवा, प्रत्येक पावलाचा खळगा नंतर वर दिसतो. लावलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे लावत जायचं असतं.

सगळे लावून झाले की मग त्यावर मशीन फिरवायचं, प्लेटखाली रबरी मॅट लावून म्हणजे ब्लॉकला ओरखडे येत नाहीत. तेव्हा खालची वाळू दबते आणि थोडी सांध्यात वर चढते. मग सांध्यात कोरडी बारीक वाळू झाडूने भरायची, परत मशीन, परत वाळू, सांधे भरेपर्यंत. सांध्यात वाळू भरल्यावरच ब्लॉक एकमेकांना धरतात, तोपर्यंत ते नुसते शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

चाफा

कडांचंही सांगा ना, आमची एक बाजू तिथूनच पसरली होती.

ओळंबा

कडेला अडसर हवाच. नाहीतर शेवटची ओळ बाहेर सरकते, मग तिच्या आतली, आणि सांधे उघडत जातात. प्लॅस्टिकची किंवा लोखंडी पट्टी लांब खिळ्यांनी ठोकतात, किंवा काँक्रीटचा कर्ब किंवा बांध करतात. कुठलंही करा पण ते दाबलेल्या खडीवर बसलं पाहिजे, मातीत किंवा वाळूत ठोकलेली पट्टी पहिल्या पावसात ढिली होते. त्यासाठी खडीचा थर ब्लॉकच्या कडेच्या बाहेर निदान थराच्या जाडीइतका जायला हवा, तुमच्याकडे दीडशे मिमी. कंत्राटदार खोदाई नेमकी ब्लॉकच्या मापाची करत असेल तर कडेची पट्टी तो कशात ठोकणार, हा प्रश्न विचारा.

हिशोबनीस

मी बांधकामातला नाही पण अशा कामात गिऱ्हाइकाला तपासणं सोपं जावं म्हणून एक आकडेमोड देतो. ५ बाय ४ ची जागा, तीन बाजूंनी १५० मिमी बाहेर धरली (चौथ्या बाजूला भिंत) तर ५.३ बाय ४.१५, म्हणजे जवळपास २२ चौरस मीटर. त्यावर १५० मिमी दबलेली खडी म्हणजे ३.३ घनमीटर. दाबल्यावर खडीचं आकारमान कमी होतं, त्यामुळे सैल खडी साधारण ४ घनमीटर आली पाहिजे. वाळू २० चौरस मीटरला अर्धा घनमीटर, वर थोडी वाया जाणारी. निघणारी माती जागेवरची ५ घनमीटरच्या वर, उकरल्यावर फुगून साडेसहाच्या आसपास. ६० मिमीचे ब्लॉक चौरस मीटरला १३५ ते १४० किलो भरतात, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास.

आता तुम्ही दिवसभर साइटवर नसलात तरी गाडीचं खोकं आतून मोजता येतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले भरलेली उंची. चारच्या जागी दोन घनमीटर खडी उतरली असेल तर कागदावर दीडशे लिहिलेलं असलं तरी जमिनीत पाऊणशेच गेली. आणि कोटेशनमध्ये माती उचलून नेणं आहे की नाही ते बघा, साडेसहा घनमीटर मातीचा ढीग तुमच्याच अंगणात राहिला तर तो कुठे टाकणार.

पाणकळा

हिशोबनीस, हा प्रतिसाद फार कामाचा. निशिगंध, खोदाईच्या आधी पाणी, वीज, सांडपाणी यांच्या लाइनी कुठून जातात तेही शोधून खुणा करून घ्या, मशीनने खणणार असतील तर विशेषच.

निशिगंध

आता ब्लॉक निवडताना काय बघायचं? आणि ते पॉलिमर सँड की काय ते दुसऱ्याने सुचवलंय, गरज आहे का?

साधी_माती

ब्लॉकची कंपनी चाचणी अहवाल देते तो मागा. भारतीय मानक आयएस १५६५८ आहे, अमेरिकेत एएसटीएम सी९३६ आहे, त्या अमेरिकी मानकात सरासरी दाबक्षमता ५५ मेगापास्कल आणि पाणी शोषण सरासरी ५ टक्क्यांच्या आत मागितलेलं आहे. तुमच्या वापराला ताकद किती याहून मला शोषण महत्त्वाचं वाटतं, जास्त पाणी पिणारा ब्लॉक लवकर शेवाळतो आणि झिजतो. एक ब्लॉक फोडून बघा, आतपर्यंत रंग आणि पोत सारखा आहे की वरच रंगाचा पापुद्रा आहे.

लागतात त्यापेक्षा ५ ते १० टक्के जास्त घ्या, कापताना वाया जातात, आणि उरलेले जपून ठेवा कारण पुढे तोच रंग मिळेलच असं नाही. लावताना एकाच ढिगातले सलग लावू देऊ नका, तीन-चार ढिगांतले मिसळून लावायचे, नाहीतर रंगाचे पट्टे दिसतात.

सुरुवातीला पांढरी भुकटी वर आली तर घाबरू नका आणि लगेच ॲसिडही मारू नका. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरा होतो, हळूहळू जातो.

ओळंबा

पॉलिमर सँड सांध्यात कडक होते, त्यामुळे गवत आणि मुंग्या कमी, पाण्याने वाळू वाहत नाही. चांगली आहे पण निगुतीने लावावी लागते. ब्लॉक पूर्ण कोरडे हवेत, वर सांडलेला कण न् कण झाडून, ब्लोअरने उडवून मगच पाणी मारायचं, तेही फवाऱ्याने, आणि पुढचा एक दिवस पाऊस नको. वर भुकटी राहून पाणी पडलं की ब्लॉकवर पांढुरकी साय धरते आणि ती काढणं मोठं जिकिरीचं. ज्याने आधी लावलेली नाही त्याच्याकडून तुमच्या अंगणात शिकून घेऊ नका, त्यापेक्षा साधी वाळू बरी, ती वर्षा-दोन वर्षांनी झाडूने पुन्हा भरता येते.

मधुमालती

कंत्राटदाराची जुनी कामं बघा असं सगळे सांगतात पण काय बघायचं ते कुणी सांगत नाही.

चाफा

नवीन काम बघू नका, तीन-चार वर्षं झालेलं बघा आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. डबकी कुठे राहिलीत ते दिसतं. आम्ही दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा एक लांब सरळ पट्टी बरोबर नेली, ब्लॉकवर आडवी ठेवली की खालून उजेड कुठे दिसतो ते कळतं. भिंतीलगतचा पट्टा, पायऱ्यांच्या खालचा कोपरा आणि कडेची शेवटची ओळ, या तीन जागी वाकून बघा. कापलेले तुकडे किती लहान आहेत तेही बघा, अंगठ्याएवढे तुकडे कडेला खोचलेले असतील तर आखणी न करता काम केलंय, एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा लावूच नये. आणि घरमालकाला विचारा की तक्रार केल्यावर हा माणूस परत आला का. आम्हाला हेच उत्तर सगळ्यात उपयोगी पडलं.

हिशोबनीस

कागदाबद्दल. "पेव्हर बसवून देणे, मटेरियलसह" एवढ्या एका ओळीवर सही करू नका. प्रत्येक थराची दबाईनंतरची जाडी, खडीचं माप, वाळूचा प्रकार, कापड, कडेचा अडसर, ढाळ किती आणि कुठल्या दिशेला, पाईपचं काम, माती उचलणं, सगळं वेगवेगळ्या ओळीत. काम स्वतःची माणसं करणार की पुढे दुसऱ्याला देणार, कामगारांचा विमा आहे का, हेही.

पैसे थरांना बांधा. काही रक्कम आगाऊ, पुढचा हप्ता खोदाई आणि मातीची दबाई तुम्ही बघितल्यावर, पुढचा खडीचा थर मोजून झाल्यावर, मग ब्लॉक लावून झाल्यावर, आणि शेवटचा काही हिस्सा पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर. सगळे कबूल होत नाहीत पण बोलून बघा. खचण्याची हमी लेखी घ्या, नुसतं "गॅरंटी" नको, किती काळात किती मिलिमीटर खचलं तर स्वखर्चाने उकलून परत बसवणार असं.

ओळंबा

कंत्राटदाराच्या बाजूनेही एक सांगतो. खोदाईत काय निघेल हे आधी कुणालाच माहीत नसतं, जुनी टाकी, झाडाचं मोठं मूळ, चाफा म्हणतात तसा कचऱ्याचा भराव. त्यासाठी जादा कामाचा दर आधीच ठरवा आणि तुमची लेखी संमती आल्याशिवाय करायचं नाही असं लिहा, म्हणजे तोही बुडत नाही आणि तुम्हालाही ऐनवेळी आकडा फेकला जात नाही. जो प्रामाणिक आहे त्याला हे आवडतंच. आणि तो पाऊस म्हणून दोन दिवस काम थांबवत असेल तर घाई करू नका, ओल्या मातीवर उरकण्यापेक्षा थांबणारा माणूस चांगला.

निशिगंध

सर्वांना पुन्हा धन्यवाद. काल दुसऱ्याला आणि तिसऱ्याला परत बोलावलं, पहिल्याला नको म्हणून कळवलं. भिंतीलगतच्या भरावाबद्दल विचारल्यावर तिसरा म्हणाला काँक्रीटवर सगळं झाकलं जातं. दुसऱ्याने पहार मागवली आणि भिंतीपासून एक फुटावर ठोकली, ती हाताने सहज आत गेली, मग मीटरभर लांब जाऊन ठोकली तर तिथे वीतभरच गेली. म्हणाला इथे खोल उकरावं लागेल, किती ते खणल्यावर सांगतो, त्याचा दर आत्ता लिहून देतो. काम त्यालाच द्यायचं ठरलंय.

खडी १५० दबलेली, कापड, धुतलेली वाळू, काँक्रीटचा बांध, ढाळ ६० मिमी, पाईप जमिनीखालून, एवढं त्याने मान्य केलं. पावसानंतरच्या हप्त्याला आधी नाही म्हणाला, मग थोडी कमी रक्कम धरून तयार झाला. एकच अडलंय, प्रत्येक थर मी बघेपर्यंत काम थांबवायला तो तयार नाही, कामगार बसून राहतात म्हणतो, आणि मी दिवसा कामावर असते.

हिशोबनीस

त्याचं म्हणणं रास्त आहे. फोटो चालतील असं ठरवा. प्रत्येक थर दाबून झाला की भिंतीवर खुणा केलेल्या पातळीपासून मोजपट्टी उभी धरून फोटो, आकडा वाचता येईल असा, दोन्ही टोकांना आणि मध्ये. ढाळ असल्यामुळे बाहेरच्या टोकाला दोरी बांधून तिच्यापासून मोजायचं.

ओळंबा

हो, आम्हीही असंच करतो. भिंतीवर पक्क्या रंगाची आडवी रेघ आधीच मारून घ्या, काम संपेपर्यंत पुसू देऊ नका. त्या रेघेपासून खड्ड्याचा तळ, खडीचा माथा आणि ब्लॉकचा माथा अशी तीन मापं लिहून ठेवा. तळ आणि खडीच्या माथ्यात दीडशेचा फरक आलाच पाहिजे, आणि खडीच्या माथ्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत ८०-८५ च्या आसपास. शंभरच्या वर आला तर खडीचा कमीपणा वाळूने भरून काढलाय, ब्लॉक उचलायला लावा.